निमगडे बाई आणि सतरा मेसेज

आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या दोघांनी परवा मला विचारलं, "सर, हे बंडूभाऊ कोण?"

मेसेज पाठवणारा, जावा भाषेत लिहिलेला आमचा एक प्रोग्रॅम आहे. त्यात एका ओळीच्या डोक्यावर मराठीत लिहिलेलं आहे, 'बंडूभाऊंना विचारल्याशिवाय ही ओळ बदलू नये.' प्रोग्रॅममध्ये अशा टिपा लिहायची पद्धत असते, पण त्या बहुतेक इंग्रजीत असतात आणि बहुतेक निरुपयोगी असतात. ही टीप विशाखा निमगडे बाईंची. बंडूभाऊ आमच्या ऑफिसात कधीच नोकरीला नव्हते. त्यांना कॉम्प्युटर सुरू तरी करता येतो की नाही, मला शंका आहे. पण ती ओळ आजवर कोणी बदललेली नाही, आणि मी इथे आहे तोवर बदलू देणार नाही.

त्या दोघांना मी म्हटलं, आधी बाई कोण ते ऐका. बंडूभाऊ त्यातच येतील.

चंद्रपुरात आमचं ऑफिस म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर पत्रे कापतात आणि वर आम्ही कोड लिहितो. उन्हाळ्यात कूलरचा आवाज, पत्र्याचा आवाज आणि मालक पिंपळकर साहेबांचा फोनवरचा आवाज, यांतला कुठला कुठला ते ओळखायला मला पहिला महिना लागला. मी मूळचा कोरपन्याचा, पण पुण्यात पाच वर्षं नोकरी करून आलेलो. त्यामुळे डोक्यात थोडी हवा होती. इथे आपल्याला शिकवणारं कोणी असेल असं काही मला वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं. पंचेचाळिशीच्या एक बाई खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर कॉम्प्युटर बंद, आणि जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने चौकोन काढणं चाललेलं.

"मॅडम नोको म्हणू," मान वर न करता त्या म्हणाल्या. "मले पाहुणी आल्यासारखं वाटते. बाई म्हण."

बाई चिमूरकडच्या. तिथे त्यांनी बरीच वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला होता, आणि तो क्लास त्यांच्या अंगात मुरला होता. समोर आलेल्या कोणालाही त्या विद्यार्थीच समजत. कुरिअरवाल्यालाही एकदा त्यांनी पासवर्ड कसा ठेवावा हे पंधरा मिनिटं समजावून सांगितलं होतं. दुपारच्या डब्यात जवसाची चटणी रोज. ती दुसऱ्याच्या पोळीवर न विचारता वाढायच्या, आणि दुसऱ्याच्या कोडवर लाल पेन्सिल चालवायच्या, तीही न विचारताच. हो, कोडवर पेन्सिल. महत्त्वाचा भाग असला की बाई तो छापून घ्यायच्या. मी पुण्यात असं कुणाला करताना पाहिलं असतं तर हसलो असतो. इथेही हसलो, पण फक्त पहिल्या आठवड्यात.

त्या सुमारास आमच्याकडे अहेरीकडच्या एका नेत्रसंस्थेचं काम आलं. ही संस्था गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासते, मोतीबिंदू असलेल्यांची नावं आणि फोन नंबर लिहून घेते, आणि ऑपरेशनची तारीख ठरली की गावात गाडी पाठवून माणसं अहेरीला आणते. नावांची वही आम्ही कॉम्प्युटरवर आणली होती. आता त्यांना हवं होतं की तारीख ठरली की ज्याच्या त्याच्या फोनवर आपोआप मेसेज जावा.

याला करावं काय लागतं ते सांगतो. मेसेज आपण स्वतः पाठवत नाही, मेसेज पाठवणारी एक कंपनी असते. आपल्या प्रोग्रॅममधला एक भाग त्या कंपनीच्या दारात जाऊन सांगतो की हा मजकूर, हा नंबर. त्या भागाला आमच्याकडे क्लायंट म्हणतात. कंपनी आपल्याला एक गुप्त चावी देते, ती दाखवली की आत घेतात. कागदावर हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि मीही ते अर्ध्या दिवसात करून दाखवलं.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "का करून राह्यला, प्रमोद?"

"क्लायंट तयार केला, बाई."

"कितवा?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. माझ्या कोडमध्ये दर मेसेजला नवा क्लायंट तयार होत होता. "घरी चहाच्या दर कपाले नवी शेगडी पेटवतं का रे? प्रोग्रॅम सुरू होते तवा एकदा बनव, अन् तोच सगळ्याईले वापर." मग बोट खाली सरकलं. "अन् ही चावी इथी कोडातच लिहून ठेवली? म्हंजे घराले कुलूप लावलं अन् चावी कडीलेच अडकवून आला." मग अजून खाली. "अन् कंपनीनं उत्तरच नाई देल्लं तर किती वेळ दारात उभा राहशील? सांगतलं नाई तू. जलमभर उभा राहशील."

तीन वाक्यांत माझी पुण्याची पाच वर्षं धुऊन निघाली. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तिन्ही गोष्टी बरोबर होत्या.

चौथी गोष्ट मात्र बाईंची स्वतःची होती. कंपनीला मेसेज दिला की ती लगेच उत्तर देते, 'स्वीकारला'. बहुतेक लोक तिथेच हिरवी खूण करून मोकळे होतात. बाईंना ते चालायचं नाही. "घेतला म्हणजे पोचला नाई," असं त्या म्हणायच्या. दिवसातून चार वेळा तरी म्हणायच्या. कंपनीकडून 'फोनवर पोचला' असा दुसरा निरोप येतो, तो येईपर्यंत खूण करायची नाही. आणि कुठलीही नवी गोष्ट सुरू करताना पहिला मेसेज त्यांच्या स्वतःच्या फोनवर यायलाच हवा. तो फोन त्या टेबलावर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत बसायच्या, आणि तो वाजला की एवढ्या खूश व्हायच्या की कुणी माहेरून फोन केलाय असं वाटावं.

मजकुरावरून संस्थेच्या व्यवस्थापकांशी त्यांचं चांगलंच वाजलं. व्यवस्थापकांना सुरुवात 'आपणांस सविनय कळविण्यात येते की' अशी हवी होती. मराठीत मेसेज पाठवला तर एका मेसेजात सत्तर अक्षरं बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं मोजतात. सत्तरच्या पुढे गेलं की दोन तुकडे होतात, आणि जुन्या फोनवर कधीकधी दुसरा तुकडा आधी येतो. बाईंनी कॅलेंडरच्या पानावर सत्तर घरं आखली आणि एकेका घरात एकेक खूण बसवत गेल्या.

"सविनय कळवण्यातच निम्मी गाडी भरून राह्यली, साहेब," त्या फोनवर म्हणाल्या. "म्हातारी माणसं कुठी बसवू?"

शेवटी मजकूर ठरला. 'चिन्नी गावडे, डोळ्याचं ऑपरेशन. गुरुवारी सकाळी ८ला गाडी येईल. तयार राहा'. बरोबर सत्तर. चिन्नी गावडे हे यादीतलं पहिलं नाव, म्हणून ते घेऊन मोजलं होतं. ज्या नावांना सत्तर पुरत नव्हते, तिथे 'तयार राहा' गाळायचं, पण नाव कापायचं नाही, हाही नियम बाईंनीच घातला.

काम सुरू होण्याआधी संस्थेचे लोक एकदा आमच्या ऑफिसात आले होते. सोबत एक वयस्कर विश्वस्त होते, इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. त्यांनी बाईंचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि हसत हसत म्हणाले, "म्हणजे हे काम तुमच्या घराण्यातलंच की! पूर्वी दवंडी, आता मेसेज."

चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोणाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावात डफडं वाजवत हुकूम ओरडत फिरायचं काम कोणाच्या गळ्यात बांधलेलं होतं, आणि ते कोणी कधी टाकून दिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पिंपळकर साहेब टेबलावरचे कागद नीट करू लागले. मीही खाली बघितलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "बराबर आहे जी. माह्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् त्याच दिवशी डफडं खाली ठेवलं. ते काम त्यानं मागून घेतलं नव्हतं, त्याच्यावर लादलं होतं. हे काम मी शिकून घेतलं." चष्मा परत नाकावर चढवला. "आता मुद्दा नंबर तीन. यादी आमच्याकडं कोण पाठवन?"

आवाज वर नाही, खाली नाही. विश्वस्तांनी चहाचा कप उचलला आणि तो रिकामा असूनही प्यायले. माझी छाती दोन इंच फुगली. मी त्यांच्या शेजारी बसतो, एवढंच माझं कर्तृत्व, पण अभिमान वाटायला तेवढं पुरलं.

लोक गेल्यावर जिन्यात त्या मला म्हणाल्या, "आजा सांगे, ओरडून झालं की आपलं काम संपलं. कोणी आयकलं नाई आयकलं, ते विचाराचा आपल्याले हक नाई. मले तेच पटत नाई, प्रमोद. विचारलंच पायजे."

आता बाईंच्या चुकीकडे येतो. कारण चुकीशिवाय हे चित्र पूर्ण होत नाही, आणि बाईंनाही ते आवडणार नाही.

चाचणी चालू असताना एकदा कंपनीकडून उत्तर यायला उशीर झाला. आमच्या प्रोग्रॅमला वाटलं मेसेज गेलाच नाही, म्हणून त्याने परत पाठवला, परत पाठवला, आणि एका निवृत्त गुरुजींना तोच मेसेज अकरा वेळा गेला. गुरुजींनी अकराही वाचले आणि मग ऑफिसात फोन करून आमची शिकवणी घेतली. बाईंना ते फार लागलं. त्यांच्या कामात असा गबाळेपणा म्हणजे त्यांना जेवण जाईना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक ओळ घातली. आज या नंबरवर मेसेज गेला असेल, तर त्याच नंबरवर पुन्हा पाठवायचा नाही, समोर 'आधीच पाठवला' असं लिहायचं आणि हिरवी खूण करायची. एक ओळ, साधी, स्वच्छ. त्यांनी मला छापून दाखवली. मी ती दोनदा वाचली आणि म्हटलं, "वा, बाई!" हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे बाईंनी माझा हा 'वा' कधीही, कुणासमोरही काढला नाही.

मे महिन्यात पहिली फेरी निघाली. आठ गावांत गाडी गेली, माणसं आली, ऑपरेशनं झाली. नवव्या गावी गाडी गेली आणि रिकामी परत आली.

अहेरीच्या पलीकडचं, नाल्याच्या पल्याडचं हे गाव. सतरा नावं होती. गाडी गावात पोचली तेव्हा रस्त्यावर एकच म्हातारी पिशवी घेऊन उभी होती. ती चिन्नीबाई गावडे. एक डोळा पूर्ण गेलेला, दुसऱ्यात थोडा उजेड शिल्लक. ड्रायव्हर म्हणाला, बसा. तिने विचारलं, बाकीचे? तो म्हणाला, बाकीचं कोणी दिसत नाही. तर म्हातारीने पिशवी उचलली आणि घरी परत गेली. सतरा जणांनी एकत्र नावं लिहिली होती, एकत्र जायचं ठरलं होतं. एकटी कशी जाईल?

व्यवस्थापकांचा फोन आला तेव्हा ते चिडलेले होते. "त्या लोकांना नकोच असतं, बाई. तेंदूची पानं तोडायचे दिवस आहेत, सगळे जंगलात गेले असतील. आमच्याकडे नियम आहे, गाडी परत पाठवणारं गाव यादीतून कमी होतं. आता पाऊस लागला की नाला भरेल. बघू दिवाळीनंतर." दिवाळीनंतर म्हणजे सहा महिने. चिन्नीबाईंच्या डोळ्यातला तो थोडा उजेड तोवर थांबेल, याची खात्री कोण देणार होतं?

बाईंनी स्क्रीन उघडली. सतराच्या सतरा खुणा हिरव्या. मी म्हटलं, "बाई, आपल्याकडून तर सगळे गेलेत."

बाईंनी स्क्रीन बंद केली. मग बॅग उचलली. "चाल. जाऊन विचारू."

"कोणाला?"

"ज्याचा नंबर आहे त्याले."

दुसऱ्या दिवशी आम्ही अहेरीला उतरलो आणि त्याच गाडीच्या त्याच ड्रायव्हरला गळ घालून गावात गेलो. चिन्नीबाईंच्या नावापुढचा नंबर होता बंडू सडमेक यांचा. त्यांचं गावात मीठ-मिरचीचं छोटं दुकान, आणि गावातला चालू फोन त्यांचा एकट्याचा. गावात नेटवर्क येत नाही. बंडूभाऊ रोज सकाळी मागच्या टेकडीवर चढतात, वर एक मोठा दगड आहे, त्यावर उभं राहिलं की फोन वाजतो. खाली येऊन ज्याचा निरोप त्याच्या घरी. तपासणीच्या दिवशी सतरा जणांना फोन नंबर विचारले, तेव्हा सतराही जणांनी बंडूभाऊंचा दिला होता. दुसरा होताच कुठला?

"जोहार," म्हणून बंडूभाऊंनी आम्हाला दुकानापुढे बसवलं, पाणी दिलं आणि फोन दाखवला. त्यावर आमचा एक मेसेज होता. चिन्नी गावडे.

"एकच?" बाईंनी विचारलं.

"एकच जी. ज्याचं नाव आलं त्याले सांगतलो. बाकीच्याईनं विचारलं, आमचं नाव? मी म्हटलो, नाई आलं. नाव आलं नाई तर जाऊन कसं बसन मानूस गाडीत? मग गेले ते पानावर."

बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सोळा माणसांच्या नावांपुढे आमच्याकडे 'आधीच पाठवला' अशी हिरवी खूण होती. एका नंबरामागे एक माणूस असतो, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. मी पुण्यातून शिकून आलो होतो, मला एक वेळ शोभलं असतं. पण बाई चिमूरकडच्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावातही एकच फोन होता, आणि आख्खं गाव तोच नंबर सांगायचं, हे त्यांनीच मला कधीतरी चटणी वाढताना सांगितलं होतं.

दोन मिनिटांनी त्यांनी तोंड पुसलं आणि वही काढली. "बंडूभाऊ, पुढच्या बारीले मी एकच मेसेज पाठवतो, त्यात सगळ्याईचे नावं. चालन?"

बंडूभाऊंनी मान हलवली. "नाई चालत, बाई. येकेकाचा येगळा पाठवा. मी ज्याच्या त्याच्या घरी जाऊन फोन दाखवतो, हे पाय तुहं नाव. वाचता नाई येत त्याईले, पन पाहतेत. सतरा मानसं हायेत ना जी, मंग सतरा पाठवा."

बाईंनी ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. ऑफिसातली ती टीप या दिवसाची आहे.

परतताना पिंपळकर साहेबांचा फोन आला. नेटवर्कमध्ये येताच त्यांना मी सगळं सांगून बसलो होतो. "बाई, नेटवर्कचा प्रॉब्लेम होता असं सांगा," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "तिकडं नेटवर्क नाही हे सगळ्यांले ठाऊक आहे. कोणी विचारणार नाही. चूक कबूल केली तर काम जाते हातचं."

"साहेब, नेटवर्क म्हटलं तर ते म्हणतीन, मंग त्या गावाले यादीत ठेवून फायदा काय? गाव जाते."

"अन् खरं सांगितलं तर आपण जातो."

"आपण जाऊ मंग," बाई म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

अहेरीत व्यवस्थापकांच्या टेबलावर त्यांनी सतरा ओळींचा कागद ठेवला. सोळा ओळींवर लाल पेन्सिल. "साहेब, हे सोळा मेसेज गेलेच नाई. नेटवर्क बराबर होतं. मानसं बराबर होती. ज्याले सांगावा भेटला ती बाई पिशवी घेऊन उभी होती. बाकीच्याईले आम्ही सांगतलंच नाई. ही चूक माही आहे, ही ओळ मी लिहिली."

व्यवस्थापकांनी कागद उचलून पाहिला. "मग आम्ही तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"नोका ठेवू. पावसाच्या आधीचा शेवटचा गुरुवार त्या गावाले द्या. गाडीसंग मी येतो. गाडी रिकामी आली, तर हे काम दुसऱ्याले द्या, मी स्वतः समजावून देईन त्याले. पण गावाचं नाव कापू नोका. त्याईचं काईच चुकलं नाई."

आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन्सिल चालवली, तिने स्वतःच्या चुकीखाली रेघ मारून ती दुसऱ्याच्या टेबलावर ठेवली होती, आणि आवाज तोच होता, मुद्दा नंबर तीन विचारतानाचा. पुण्यातल्या काचेच्या ऑफिसांत मी चुका झाकण्याचे नाना प्रकार पाहिले आहेत, मीही केले आहेत. त्या दिवशी अहेरीच्या त्या टेबलापाशी मला वाटलं, मी परत आलो ते बरंच झालं.

व्यवस्थापकांनी गुरुवार दिला.

ओळ बदलायला बाईंना दहा मिनिटं लागली. आता प्रोग्रॅम नंबर बघत नाही, माणूस बघतो. या माणसाला या तारखेचा मेसेज गेला आहे का, एवढंच विचारतो. मग त्यांनी सतरा जणांचे सतरा मेसेज आधी स्वतःच्या फोनवर पाठवून पाहिले. टेबलावर फोन सतरा वेळा थरथरला. खालचे पत्रे कापणारे तेवढ्यात जेवायला गेले होते, त्यामुळे तो सतराही वेळा ऐकू आला. पिंपळकर साहेब दारात उभे राहून मोजत होते, पण कबूल करायचे नाहीत.

गुरुवारी मी बाईंबरोबर गाडीत होतो. आभाळ भरून आलं होतं, नाल्यात पाणी घोट्याएवढं. बाई सबंध रस्ता वहीतली सतरा नावं पुन्हा पुन्हा वाचत होत्या. इतक्या बेचैन मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. गाडी वळण घेऊन गावाच्या तोंडाशी आली, आणि ड्रायव्हरच आधी ओरडला, "आहेत! बाई, आहेत!"

रस्त्याच्या कडेला सगळे उभे होते. धुतलेले कपडे, हातात पिशव्या, काही जणांच्या पिशवीत स्वतःचं ताट. पुढे बंडूभाऊ, हातात फोन. बाई खाली उतरल्या आणि बोटाने मोजू लागल्या. बारापर्यंत मोजलं आणि मग त्यांना दिसेना. चष्मा पुसायला माझ्याकडे रुमाल मागितला. पुढचे पाच मी मोजले.

त्या पावसाळ्यानंतर बाई गडचिरोलीच्या एका कॉलेजात शिकवायला गेल्या. आता तिथली पोरं लाल पेन्सिलीचा मार खात असतील. फोनवर बोलणं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं जे रूप राहिलं आहे, ते अहेरीतलं, त्या गुरुवारनंतरच्या शनिवारचं.

ऑपरेशनं झाली होती. सकाळी पट्ट्या सोडल्या होत्या, आणि सतराही जणं काळे चष्मे लावून संस्थेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून सतरंजीवर रांगेत बसली होती. कोणी स्वतःच्या हाताच्या रेषा बघत होतं, कोणी समोरच्या आंब्याच्या झाडाकडे. बंडूभाऊ त्यांच्यात बसून गोंडीत काहीतरी सांगत होते आणि सगळे हसत होते. माझी चंद्रपूरची बस अकराला होती. बाई म्हणाल्या, मी थांबते, तू जा.

चिन्नीबाईंनी चष्मा थोडा वर केला, नियम मोडून, आणि बाईंना आपादमस्तक न्याहाळलं. मग बंडूभाऊंना काहीतरी विचारलं. बंडूभाऊ हसले.

"का म्हणते जी?" बाईंनी विचारलं.

"विचारून राह्यली, ही कोन? मी सांगतलो, तुहं नाव हिनं धाडलं. सगळ्याईचे नावं हिनंच धाडले."

चिन्नीबाई अजून काही बोलल्या, जरा ठसक्यात.

"आता का म्हणते?"

"म्हणते, मंग ही उभी काऊन आहे?"

चिन्नीबाईंनी सतरंजीवर हात थोपटला आणि बाजूला सरकल्या. त्यांच्या शेजारचे सरकले, मग त्यांच्या शेजारचे, करता करता रांगेतली सतराही माणसं वीतवीतभर सरकली आणि मध्ये एका माणसाची जागा झाली. मी गेटातून बाहेर पडताना मागे वळून पाहिलं, तेव्हा बाई तिथे भिंतीला टेकून बसल्या होत्या.